कोरड्या विहिरीतला जीव

दोन हजार तेवीस साल होते. अधिक श्रावण लागलेला. गावात घरोघरी जावयांना धोंड्याचे जेवण चालले होते आणि आमच्या घरी जावई नसताना सत्काराची तयारी चालली होती. माझ्या भाच्याने, गणेशने, धनजच्या फाट्यापासून समाजमंदिरापर्यंत सहा बॅनर लावले. प्रत्येकावर त्याच्या बहिणीचा, वैभवीचा फोटो तळहाताएवढा आणि गणेशचा सुपाएवढा. वर लिहिलेले, ‘मंगळावर जीव शोधणाऱ्या आमच्या भगिनीचे हार्दिक अभिनंदन’. ती मंगळावर नाही, आपल्याच विहिरीत जीव शोधत होती, हे मी त्याला सांगून पाहिले.

"आत्या, विहीर लिहिली तर कोण थांबून वाचीन?" तो म्हणाला.

त्याचे खरे होते. त्या विहिरीकडे पन्नास वर्षांत कोणी थांबून पाहिले नव्हते. माझ्या बाबांनी ती चौऱ्याहत्तर साली, मोठ्या दुष्काळाच्या पाठोपाठ खणली. साठ फूट खोल, त्यातले पंचेचाळीस फूट काळा पाषाण, सुरुंग लावून फोडलेला. तळाशी एका चिरेतून पाणी लागले ते दिवसाला लोटाभर. पुढे आमच्या घरातल्या प्रत्येक सोयरिकीत समोरचे लोक त्या विहिरीची चौकशी करून हसले. आमच्याकडे रीत अशी, की नव्या विहिरीला पाणी लागले की घरातल्या कर्त्याने खाली उतरायचे आणि झऱ्याच्या तोंडाला दहीभाताचा घास द्यायचा. त्यानंतरच ते पाणी घरात घ्यायचे. बाबा उतरले नाहीत. लोटाभर पाण्याला काय घास द्यायचा, म्हणाले. विहीर तशीच राहिली, आणि आई मरेपर्यंत म्हणत राहिली की ती उपाशी आहे.

वैभवीच्या शिक्षणाची हकिगत लांबलचक आहे, इथे लागेल तेवढीच सांगते. जगदेवची, म्हणजे माझ्या धाकट्या भावाची ही मुलगी अमरावतीला भूगर्भशास्त्र शिकायला गेली, तेव्हा गावाला वाटले पोट्टी बोअरचा पॉइंट काढायला शिकते आहे. पहिल्या दिवाळीला घरी आली तर ओसरीवर अकरा शेतकरी सातबारा घेऊन बसलेले. मी पाणी शिकत नाही, दगड शिकते, असे तिने सांगितले. त्यावर एक म्हातारा उठता उठता म्हणाला, दगड तर माह्या वावरात लय हायेत, त्यासाठी अमरावतीले जायाची काय गरज होती.

पुढे ती आणखी अवघड वाटेला लागली. काळ्या दगडाच्या पोटात, जिथे उजेड नाही की हवा नाही, तिथे डोळ्यांना न दिसणारे जीव नुसत्या दगडावर जगतात का, हे ती शोधू लागली. जगत असतील तर मंगळावरही असाच काळा दगड आहे, तिथेही ते असू शकतील. याला खगोलजीवशास्त्र म्हणतात. पीएच.डी.ला आठ वर्षे लागली, कारण एक मार्गदर्शक निवृत्त झाले आणि दुसरे रुसले. मग दोन वर्षे नॉर्वे. परत आल्यावर पुण्याच्या एका संशोधनसंस्थेत अकरा महिन्यांची ऑर्डर. अकरा महिने भरले की एक महिना घरी बसायचे, मग पुन्हा अकरा. असे पाच वेळा झाले. इतरांच्या पोरी माहेरपणाला येतात, माझी बेकारीला येते, असे तिची आई तुळसा शेजारणींना सांगायची. शेवटी संस्थेच्या मोठ्या सरांनी वैभवीला बोलावून सांगितले की आता एक कायमची जागा निघते आहे. मुलाखतीआधी एखादा ठळक शोध हातात असला तर बरे.

ठळक शोध कुठून आणायचा, या विचारात तिला आपली विहीर आठवली. चिरेतले पाणी तिने तपासून घेतले तर ते पावसाचे नव्हतेच, वीस हजार वर्षांपूर्वीचे निघाले. आणि खणल्यापासून त्या झऱ्याला माणसाचा हात लागलेला नव्हता. अशी निर्मळ जागा आपल्याला जगात कुठे मिळाली नसती, असे ती म्हणाली तेव्हा जगदेवच्या डोळ्यांत पाणी आले. बापाचे हसे झालेले पन्नास वर्षांनी लेकीच्या कामी येत होते.

त्याच वर्षी फाल्गुनात ती चार विद्यार्थी घेऊन आली. मंगरूळपीरहून जमशेदभाईने आपली यारी आणून विहिरीवर उभी केली. यारी म्हणजे विहीर खणताना दगड वर ओढायचे यंत्र. लोखंडी दोर, इंजिन आणि माणूस बसेल एवढी बादली. जमशेदच्या वडिलांनीच आमची विहीर खणली होती, त्यामुळे तिच्या कोरडेपणाची लाज त्याच्या घराण्यालाही होती. पांढरे झगे, टोप्या, रबरी हातमोजे घालून ही पोरे खाली उतरत. चिरेला नळी लावायची, नळीला बाटल्या, आणि आठ दिवस थेंब थेंब पाणी गोळा करायचे. घरातल्या कोणीही विहिरीजवळ फिरकायचे नाही, असे तिने बजावले होते. पुण्याहून मोठे सर पाहायला येणार कळल्यावर गणेशने गुपचूप पाण्याचा टँकर सांगितला. पाहुण्यांना काय कोरडी विहीर दाखवायची, असे त्याचे म्हणणे. वैभवी पांढऱ्या झग्यातच रस्त्यात आडवी उभी राहिली आणि तिने टँकर परत पाठवला. संकट टळले, असे तिला वाटले.

जुलैत पेपरात बातमी आली. धनजच्या विहिरीत, पाषाणाच्या पोटात जीव सापडला. बातमीत मोठ्या सरांचे नाव पाच वेळा होते आणि वैभवीचे एकदा. सत्कार रविवारी ठरला. मोठे सर स्वतः येणार होते. मुलाखत त्याच्या पुढच्या बुधवारी.

वैभवी रविवारी सकाळी यायची ती शुक्रवारीच दुपारच्या बसने आली. पिशवी ठेवली, हातपाय धुतले आणि सगळ्यांना ओसरीवर बोलावले. जगदेव खाटेवर, गणेश खुर्चीवर, तुळसा दाराला टेकून, मी भिंतीशी पाटावर.

"बाटलीत जीव सापडला हे खरं हाय," ती म्हणाली. "पण तो दगडातला नाही. मी पुन्हा तपासला. तो दह्याचा हाय."

 मग तुळसाने विचारले, दह्यात जीव असते काय. चाळीस वर्षे रोज विरजण लावणाऱ्या बाईला हे नवीन होते. वैभवीने समजावून सांगितले, की दही लागते ते त्यातल्या बारीक जीवांमुळेच. ते ऐकून तुळसाच्या चेहऱ्यावर आपण आजवर चतुर्थीला काय खाल्ले याचा हिशेब दिसू लागला.

पुढचे वैभवीने सावकाश सांगितले. मोठ्या सरांना तिने हे कळवले होते. सर शांत होते. दह्याचे म्हणजे त्या कुळातले असतील, म्हणाले. ते कूळ दगडात सापडले तर शोध आणखी मोठा. आणि विहिरीवर कोणी दही नेले याचा काही पुरावा आहे का? नसेल तर नसलेल्या दह्यावरून असलेला शोध मागे घेणे हे शास्त्र नव्हे. तेव्हा आता गोष्ट एवढ्यावर आली होती, की कोणी खाली काही नेले होते का? नेले असेल तर तिला शोध मागे घ्यावा लागणार, आणि जागा जाणार. नसेल तर सरांचे म्हणणे कदाचित खरे असेल.

"म्हून विचारून राह्यली," ती म्हणाली. "खरं सांगा. कोणी उतरलं होतं काय?"

मला माहीत होते. कारण सांगितले मीच होते.

बाटल्या लावायच्या आदल्या संध्याकाळी जगदेव माझ्याजवळ येऊन बसला होता. पोरीचं होईन ना बाई, असे विचारत होता. मी पस्तीस वर्षे मास्तरीण होते. हात धुवा, नखे कापा, जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, हे मी तीन पिढ्यांना फळ्यावर चित्र काढून शिकवले. तरी मी त्याला म्हणाले, की आई म्हणायची ते विसरला काय, झरा उपाशी आहे. त्याने विचारले, घास कसा द्यायचा असते? मी सांगितले. दही त्याच दिवशीचे, आंबट नको. भात मऊ, मीठ न घातलेला. घास उजव्या हाताच्या तीन बोटांनी, चिरेच्या आत जाईल असा. मला एवढेच दिसत होते, की पोरीची भाकरी त्या चिरेवर अवलंबून आहे. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता, पोरे कारंजाच्या लॉजवरून यायच्या आत, जमशेदने त्याला खाली सोडले.

ओसरीवर जगदेवने माझ्याकडे पाहिले. मी पदराचा काठ पाहू लागले.

"आमी कायले उतरतो?" तो म्हणाला. "मले चक्कर येते."

गणेश ताबडतोब त्याच्या बाजूने झाला. त्याला काही माहीत नव्हते, पण काय माहीत करून घेऊ नये हे त्याला बरोबर कळत होते. पक्षाचे तालुकाध्यक्ष रविवारी येणार होते आणि जिल्हा परिषदेचे तिकीट त्यांच्या खिशात होते. तो म्हणाला, की विहिरीवर पाखरे बसतात, त्यातल्या एखाद्याच्या चोचीत दही असेल. पाखरू साठ फूट खाली नळीत कशाला जाईल, असे वैभवीने विचारले. तहान लागली असेल, तो म्हणाला.

आता तुळसाचे सांगते. हे तिने मला पुष्कळ दिवसांनी सांगितले. दाराला टेकून उभी असतानाच तिला फाल्गुनातली एक सकाळ आठवली. कोनाड्यातली पितळेची वाटी नाहीशी होती आणि दुपारी न धुता परत आली होती, कडेला भाताची शिते वाळलेली. तेव्हा तिने मांजराला बोल लावला. आता तिने नवऱ्याकडे पाहिले आणि तिला सगळे कळले. बैठक उठल्यावर तिने त्याला गोठ्यात गाठले. पोरीला आत्ताच्या आत्ता सांगा, नाही तर मी सांगते, असे म्हणाली. जगदेव म्हणाला, सांगितले तर तिची जागा जाईल. तुळसा थांबली. अडतीस वर्षांची मुलगी, लग्न नाही, नोकरी अकरा महिन्यांची. तिने विचार केला तो गाईचे शेण भरेपर्यंत. टोपले उचलून बाहेर आली तेव्हा ती नवऱ्याच्या पक्षात गेली होती. घरातल्या सगळ्या वाट्या चिंच लावून घासून काढल्या, जणू पोलीस येणार होते.

शनिवारी सकाळी जमशेदभाई आला. मागल्या दाराने, माझ्याकडे. त्याचा चेहरा उतरलेला होता.

"बाई, तीन जणायनं तीन गोष्टी सांगितल्या," तो म्हणाला. "गणेश म्हणते, कोणी विचारलं तर सांग यारी बंद होती. वैनी म्हणतात, यारी चालू होती पण कोणी बसलं नाही. जगदेवभाऊ म्हणतात, मी बसलो होतो पण अर्ध्यातून वर आलो. आता मी कोणाचं खोटं बोलू? तिघायचं एकदम कसं जमीन?"

मी विचारले, वैभवीने विचारले का?

"फोन आलता. मी उचलला नाही. घरी कमरुन्निसा म्हणते, त्या पोरीसमोर खोटं बोलशीन तर मी तुह्यासाठी रोटी टाकणार नाही. अन् खरं बोललो तर पोरीचीच रोटी जाते." त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बाई, भाऊ खाली गेले न, तेव्हा वरतून मले त्यायचं बोलणं आयकू आलं. झऱ्याशी बोलत होते. म्हणे, माह्या बापाचं मनावर घेऊ नको."

मी त्याला चहा दिला आणि सल्ला दिला नाही. पस्तीस वर्षे सल्ले देऊन मला एवढे कळले होते, की जिथे आपला हात दगडाखाली असतो तिथे सल्ला सुचत नाही.

त्याच दुपारी स्वयंपाकघरात वैभवी माझ्यासमोर बसून लसूण सोलत होती. तुळसा चक्कीवर गेलेली. वैभवी मान खाली घालूनच बोलली.

"आत्या, काल बाबा नाही म्हणाले न, तेव्हा मले बरं वाटलं."

मी लसणाची साले गोळा करू लागले.

"कोणी काही बोललं नाही तर बुधवारी मी मुलाखतीले जाईन. चांगलं बोलीन. सर आहेतच. मग साठ वर्षांपर्यंत कोणाची ऑर्डर पाहा लागणार नाही." तिने सोललेली पाकळी वाटीत टाकली. "मले हे वाटाले नाही पाहिजे. पण वाटून राह्यलं."

तेव्हा मी सांगायला हवे होते. मी म्हणाले, लसूण पुरे झाला.

रविवारी समाजमंदिर भरले. बाहेर पाऊस, आत पंखे. व्यासपीठावर मोठे सर, तालुकाध्यक्ष, सरपंच, गणेश, वैभवी, आणि उत्सवमूर्तीचा बाप म्हणून कडेच्या खुर्चीवर जगदेव. मी आणि तुळसा पहिल्या ओळीत. जमशेदभाई मागे दाराशी, केव्हाही निघून जाता येईल अशा बेताने. सात शाली झाल्या, नऊ नारळ झाले. तालुकाध्यक्षांनी वैभवीच्या हातात पुष्पगुच्छ देऊन तो छायाचित्रकारासाठी परत घेतला आणि पुन्हा दिला.

मोठे सर सुरेख बोलले. विज्ञान म्हणजे संयम, विज्ञान म्हणजे शुद्धता. धनजसारख्या ठिकाणी विश्वाचे रहस्य दडले आहे हे आपल्या लक्षात कसे आले, ते त्यांनी सविस्तर सांगितले. वैभवी ही माझी विद्यार्थिनी, म्हणाले. ते तिला पहिल्यांदा भेटले तेव्हा ती तिशी ओलांडून गेली होती. गणेशने स्वतःचे सहकार्य सांगितले. टँकर परत गेला तोही त्याने आपल्या त्यागात धरला. तालुकाध्यक्ष म्हणाले, मंगळावर जीव सापडला तर त्याला पाणी पुरवण्याचे काम आपले सरकार करेल. सगळ्यांचे सगळे झाले. विहिरीचे नाव कोणी घेतले नाही, बाबांचे तर नाहीच.

मी जगदेवकडे पाहत होते. त्याच्या मांड्यांवरच्या मुठी आवळत चालल्या होत्या. माणूस पाप जन्मभर पोटात ठेवू शकतो, पुण्य ठेवणे त्याला जमत नाही. निवेदकाने सहज म्हटले की वडिलांनी दोन शब्द बोलावेत. यादीत ते नव्हते. गणेशने उठून माइक घ्यायला हात केला, पण जगदेव आधी पोचला.

"सगळ्यायनं आपापलं सांगितलं," तो म्हणाला. "गणेशनं सहकार्य सांगितलं. सरायनं लक्षात आलं ते सांगितलं. आता माह्यं आयका. ती विहीर माह्या बापानं खणली. पन्नास वर्षं तुमी हसले. फाल्गुनात मी यारीत बसून खाली उतरलो, अन् झऱ्याले दहीभाताचा घास देल्ला. बापाचं राहून गेलतं, ते मी केलं. अन् पंधरा दिवसांत जीव लागला. आता बोला."

टाळ्यांचा कडकडाट झाला. म्हाताऱ्या बायांनी हात जोडले. तुळसाने माझे मनगट इतके घट्ट धरले की बांगडी रुतली. दाराशी जमशेदभाईने डोळे मिटून घेतले, आणि मला वाटले, त्याच्या खांद्यावरचे काहीतरी उतरले.

मोठे सर हसत हसत पुढे आले. किती निरागस भावना, म्हणाले. आमच्या वैभवीचे वडील श्रद्धाळू आहेत, आणि विनोदीसुद्धा. लेकीसाठी बाप मनाने विहिरीत उतरतो, त्याचा हा सुंदर दाखला. लोक हसले. गणेश सगळ्यात मोठ्याने हसला. जगदेव भांबावून इकडेतिकडे पाहू लागला. आपण खरे बोललो आणि लोक हसतात, हे त्याच्या आयुष्यात पुन्हा एकदा त्याच विहिरीपायी घडत होते.

तिथे सगळे संपू शकले असते. निवेदक आभाराकडे वळलाच होता. बापाचे बोलणे विनोदात गेले होते, पुरावा हसण्यात विरला होता आणि बुधवार तीन दिवसांवर होता. वैभवी खुर्चीवर बसून होती. तिने आधी बापाकडे पाहिले, मग पहिल्या ओळीत, माझ्याकडे. मोजून दोन श्वास पाहत होती. मी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

ती उठली. शाली खांद्यावरून काढून खुर्चीवर ठेवल्या आणि माइक घेतला.

"बाबा विनोद करून नाही राह्यले. ते खरं सांगून राह्यले. सर, तुमी पुरावा विचारला होता. हा पुरावा. त्या बाटल्यांमध्ये आमच्या घरचं दही सापडलं. दगडात जीव असन किंवा नसन, मले माहीत नाही. शोध लागला नाही. उद्या मी तसं पत्र लिहून देते." मग ती बापाकडे वळली. "बाबा, तुमी काही वाईट नाही केलं. फक्त मले सांगाले पाहिजे होतं."

लोकांनी याही वेळी टाळ्या वाजवल्या. सकाळपासून वाजवत होते, हात थांबले नाहीत. मोठे सर घड्याळ पाहून निघाले. पाऊस वाढतो आहे, म्हणाले. तालुकाध्यक्षांनी गणेशला विचारले, तुमची बहीण नेहमी अशीच बोलते का?

त्यानंतर कोणाचे काय झाले ते सांगते.

कायमची जागा एका गृहस्थांना मिळाली. त्यांच्या नावावर कुठलाच शोध नव्हता, त्यामुळे शोधात चूक निघायची भीतीही नव्हती. मोठे सर पुढच्याच वर्षी नमुन्यांच्या शुद्धतेविषयी नेमलेल्या एका समितीचे अध्यक्ष झाले. ते व्याख्यानात आमच्या विहिरीचे उदाहरण देतात आणि धोका आपल्या आधीच ध्यानात आला होता असे सांगतात.

गणेशला तिकीट मिळेल की नाही हे अजून ठरायचे आहे, कारण निवडणुकाच लांबत गेल्या. मात्र सत्कारानंतर आजूबाजूच्या गावांतून लोक आमच्या विहिरीला दहीभात घेऊन येऊ लागले. कोणाची मुलाखत असते, कोणाचा निकाल. गणेशने विहिरीला कठडा बांधला आणि त्यावर आपले नाव घातले. जमशेदभाईला लोक खाली सोडायला बोलावतात. तो जात नाही. कमरुन्निसा म्हणते, या एका गोष्टीत तरी तो शहाणा झाला. पाणी अजून दिवसाला लोटाभरच येते.

तुळसाने वर्षभर दही खाल्ले नाही, मग खाऊ लागली. वैभवीचे लग्न हा विषय तिने त्या रविवारपासून काढला नाही. का, ते मी विचारले नाही.

वैभवीने शोध मागे घेतला. तिच्या आधीच्या पंधरा वर्षांच्या कामाची जगाने दखल घेतली नव्हती, पण हे मागे घेतल्याचे पत्र परदेशातल्या वर्गांत वाचून दाखवतात म्हणे. वर्षभर ती कारंजाच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवत होती. आता कर्नाटकात एका बंद खाणीत नमुने घेते, तीन वर्षांची नेमणूक आहे. खाणीच्या परिसरात आपला एकही नातेवाईक नाही, असे तिने अर्जात लिहिले होते, आणि ते तिथल्या लोकांनी गंभीरपणे घेतले.

जगदेव दोन हजार पंचवीसच्या मार्गशीर्षात गेला. सत्कारापासून तो कमी बोलू लागला होता. पोरीच्या जागेत माती कालवली, असे कोणी म्हटले की ऐकून घ्यायचा. घास द्यायचे आपल्या डोक्यात कोणी घातले, हे त्याने शेवटपर्यंत कोणाला सांगितले नाही. मलाही बोलून दाखवले नाही.

त्याच्या तेराव्यानंतर वैभवी परत निघाली तेव्हा मी तिला फाट्यापर्यंत सोडायला गेले. बसला वेळ होता. मी तिला सांगितले.  दही, भात, तीन बोटे, सगळे.

तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मले माहीत होतं, आत्या. बाबांना एवढं नीटनेटकं कधी सुचत नव्हतं. चौथीत मी तुमच्याच वर्गात होती."

"मंग बोलली काहून नाही?"

"समाजमंदिरात मी थांबली होती न थोडी," ती म्हणाली. "तुमी उठसान म्हणून."

बस आली. ती चढली, खिडकीशी बसली आणि नेहमीसारखा हात हलवला. मीही हलवला.